नव्वद मिनिटांचा दम: फुटबॉलपटूंसाठी सराव आणि विश्रांतीचे नियोजन

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळा तापला तरी शाहू स्टेडियमवरची गर्दी ओसरत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या नावाने उतरणाऱ्या संघांतील अनेक खेळाडू कॉलेज, नोकरी किंवा घरचा धंदा सांभाळून खेळतात. त्यांच्याजवळ जिद्द आणि कौशल्य भरपूर असते. पण उत्तरार्धात पोटऱ्यांत गोळे येऊन खेळाडू मैदानावर बसला की दोष त्याच्या स्टॅमिनाला दिला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानाला आणखी राउंड मारायला लावले जातात. माझ्या मते हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. खेळाडू कमी धावला म्हणून नव्हे, तर चुकीच्या दिवशी चुकीच्या वेगाने धावला आणि मधल्या काळात सावरलाच नाही म्हणून थकतो, असे पुष्कळदा दिसते.

वरच्या दर्जाच्या सामन्यात मैदानी खेळाडू साधारणपणे 10 ते 12 किलोमीटर अंतर कापतो. त्यातील मोठा भाग चालण्यात आणि हलक्या धावण्यात जातो, तरीही हृदयाच्या ठोक्यांची सरासरी कमाल क्षमतेच्या सुमारे 85 टक्के असते, कारण मध्येमध्ये काही सेकंदांच्या जोरदार धावा, उड्या, वळणे आणि झटापटी येत राहतात. अशा प्रत्येक धावेत स्नायूंतील तयार ऊर्जा झपाट्याने खर्च होते आणि ती पुन्हा भरून येण्यासाठी प्राणवायू लागतो. म्हणून फुटबॉलमधला दम म्हणजे एका धावेनंतर लवकर सावरून दुसरी धाव तितक्याच वेगाने घेण्याची क्षमता. एकाच संथ गतीने तासभर धावल्याने पाया तयार होतो. हंगामापूर्वीच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याचा उपयोगही आहे. त्यापुढे मात्र तेवढ्यावर भागत नाही.

पुढच्या टप्प्यासाठी चार-चार मिनिटांच्या चार धावा ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. नॉर्वेतील कनिष्ठ गटाच्या खेळाडूंवर 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा हा सराव करून घेतला गेला आणि सामन्यात कापलेले अंतर सुमारे 20 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पद्धत अशी: दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करावे, मग चार मिनिटे अशा वेगाने धावावे की हृदयाचे ठोके कमाल क्षमतेच्या 90 ते 95 टक्क्यांपर्यंत पोहोचतील. त्यानंतर थांबून न राहता तीन मिनिटे हलके धावावे आणि पुन्हा चार मिनिटांची धाव घ्यावी. ठोके मोजणारे घड्याळ नसले तरी अडत नाही. पहिल्या मिनिटाला वेग सोपा वाटतो, दुसऱ्या मिनिटापासून श्वास जड होतो आणि शेवटी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही, अशी अवस्था आली की वेग योग्य समजावा. मैदानाच्या कडेने अंतर मोजून खुणा कराव्यात आणि प्रत्येक धावेत किती अंतर झाले ते वहीत लिहावे. पहिल्या धावेत 1000 मीटर आणि चौथीत 850 मीटर झाले, तर सुरुवात फार वेगात झाली. पुढच्या वेळी पहिली धाव 950 मीटरवर ठेवून चारही सारख्या करण्याचा प्रयत्न करावा. उसनी ईर्ष्या दाखवून पहिल्याच धावेत सगळ्यांच्या पुढे पळणारा खेळाडू या सरावाचा फायदा घालवून बसतो.

हाच परिणाम चेंडूसह साधायचा असेल, तर चार विरुद्ध चार असा खेळ साधारण 40 बाय 30 मीटरच्या चौकोनात, गोलरक्षकाशिवाय, चार मिनिटांच्या चार डावांत खेळवावा. प्रशिक्षकाने कडेला आठ-दहा चेंडू तयार ठेवून बाहेर गेलेल्या चेंडूच्या जागी लगेच दुसरा आत टाकावा, कारण खेळ थांबला की ठोके उतरतात आणि मग तो केवळ करमणुकीचा सामना उरतो. हंगाम तोंडावर आला की आठवड्यातून एकदा 30 मीटरच्या सहा पूर्ण वेगाच्या धावा, प्रत्येकीनंतर 25 सेकंदांची विश्रांती घेऊन, जोडाव्यात.

तालमीच्या परंपरेमुळे जोर-बैठका आपल्याकडे सहज केल्या जातात आणि त्या कराव्यातच. मात्र बैठकांनी मांडीच्या मागच्या स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला, धावताना बसतो तसा ताण मिळत नाही. त्यासाठी मऊ जागेवर गुडघे टेकून ताठ बसावे, जोडीदाराने घोटे घट्ट धरावेत आणि कंबर न वाकवता शरीर शक्य तितके हळू पुढे झुकू द्यावे. तोल सुटला की हात टेकावेत. या नॉर्डिक व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होत असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पहिल्या आठवड्यात पाच-पाचचे दोनच संच पुरेत, कारण नवख्याचे पाय यानंतर दोन दिवस चांगलेच दुखतात, आणि त्यामुळेच हा व्यायाम सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत करू नये.

हंगामातील आठवडा सामन्यापासून मागे मोजत आखावा. रविवारी सामना असेल तर सोमवारी पूर्ण वेळ खेळलेल्यांनी पंधरा-वीस मिनिटे सायकल चालवावी किंवा चालावे, यापेक्षा जास्त काही करू नये. राखीव खेळाडूंकडून मात्र त्याच दिवशी कसून सराव करून घ्यावा. त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि महिन्याभरानंतर अचानक नव्वद मिनिटे खेळायची वेळ आली की तेच जायबंदी होतात. मंगळवार सुट्टीचा, बुधवार सर्वांत जड सरावाचा, गुरुवार वेगवान पण छोट्या सरावाचा, आणि शुक्रवार-शनिवार उतरत्या भाराचे असावेत. आठवड्यात दोन सामने असतील तर दमाचा वेगळा सराव करूच नये, कारण सामना हाच तो सराव असतो. पराभवानंतर दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून धावायला लावण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद व्हायला हवी. त्या दिवशी स्नायूंमधील ऊर्जेचा साठा रिकामा असतो आणि तो पूर्ववत भरायला 48 ते 72 तास लागू शकतात.

हा साठा भरण्याचे काम सामना संपताच सुरू व्हायला हवे. पहिल्या चार तासांत दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदके मिळावीत. म्हणजे 60 किलोच्या खेळाडूला तासाला 60 ग्रॅम. दोन केळी आणि गूळ घातलेले एक ग्लास दूध घेतले की पहिल्या तासाची गरज बरीचशी भागते आणि दुधातून थोडी प्रथिनेही मिळतात. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यांवर संध्याकाळी मिळणारे धारोष्ण दूध अनेक खेळाडू श्रद्धेने पितात; त्याची पौष्टिकता मान्य करूनही ते घरी नेऊन उकळून प्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. रात्रीच्या जेवणात मटण जरूर असावे, पण ताटात भात किंवा भाकरी कमी आणि रस्सा-मटणच जास्त असे होऊ नये. शाकाहारी खेळाडूने उसळ, डाळ, दही आणि पनीर यांतून प्रत्येक जेवणात साधारण 20 ग्रॅम प्रथिने जमवावीत. सामन्यापूर्वीचे जेवण तीन तास आधी व्हावे आणि ते कमी तिखट, कमी तेलाचे असावे.

घामाचा हिशेब वजनकाट्यावर करावा. सामन्याआधी 62 किलो असलेला खेळाडू नंतर 60.5 किलो भरला, तर दीड लिटर पाणी गेले. पुढच्या काही तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे साधारण दोन लिटर, थोडे थोडे करून प्यावे. नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेले ताक, मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा ओआरएस चांगले. उन्हाळा सुरू होताना शरीराला उष्णतेची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, म्हणून त्या काळात सरावाची वेळ आणि तीव्रता हळूहळू वाढवावी. रोजे असतील तर जड सराव इफ्तारनंतर ठेवावा.

बर्फाच्या पाण्याविषयी थोडेच सांगतो: 10 ते 15 अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे बसल्याने दुखणे कमी जाणवते, त्यामुळे लागोपाठ सामने असतील तेव्हा ते उपयोगी आहे; ताकदीच्या सरावानंतर मात्र नेहमी करू नये, कारण त्याने स्नायूंची वाढ मंदावू शकते. झोपेची बरोबरी यांपैकी कशालाच येत नाही. अठरा वर्षांखालील खेळाडूने आठ ते दहा तास झोपावे आणि रात्री सामना असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास डुलकी काढावी.

रोज सकाळी उठण्यापूर्वी नाडी मोजून वहीत लिहावी. ती सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त येत असेल, झोप लागत नसेल आणि मैदानावर जावेसे वाटत नसेल, तर त्या दिवशीचा जड सराव रद्द करावा. ताप असताना अजिबात धावू नये. धावताना छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मैदानात परतू नये. उन्हात एखादा खेळाडू असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर रुग्णवाहिकेला लगेच फोन लावावा, पण तिची वाट पाहत बसू नये. त्याला सावलीत नेऊन, जर्सी काढून, अंगावर सतत थंड पाणी ओतावे, शक्य असेल तर पाण्याच्या टाकीत डोके पाण्याबाहेर धरून बसवावे, आणि शरीर थंड होईपर्यंत ते थांबवू नये.