बाथरूमच्या छतातला लाइट लोंबकळतोय? या चुका टाळा

बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमधला गोल एलईडी लाइट एका बाजूने खाली आला, की आपण स्टुलावर चढतो, तळहाताने तो वर ढकलतो आणि उतरतो. आठवड्याभरात तो पुन्हा लोंबतो. आमच्याकडे दोन पावसाळे हेच चाललं होतं. शेवटी लाइट पूर्ण बाहेर काढला, तर भोकाभोवतीची जिप्सम शीट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी मऊ झालेली. असा लाइट पाठीवरच्या दोन स्प्रिंगांनी शीटला पकडून राहतो; शीटच मऊ, तर स्प्रिंग धरणार तरी कशाला? वरच्या फ्लॅटचा नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालचा सांडपाण्याचा भाग, गळत होता आणि ते पाणी थेंबाथेंबाने आमच्या शीटमध्ये मुरत होतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, की बाहेर न काढता नुसतं दाबत राहणं. लाइट उतरवून भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. तपकिरी डाग, फुगलेला कागद, हाताला लागणारा चुरा, यातलं काहीही आढळलं तर आधी गळती आणि मग लाइट. बऱ्याच इमारतींत वरच्यांच्या सांडपाण्याचे पाइप आपल्याच सीलिंगच्या आत दडलेले असतात, तेव्हा भोकातून टॉर्च मारून बघाच.

पण त्याआधी करंट. बटण बंद केलं म्हणजे झालं, असं कृपा करून समजू नका. काही ठिकाणी वायरिंग करताना बटणावर फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रल (परतीची वायर) घेतलेली असते. मग बटण बंद असूनही लाइटपर्यंत २३० व्होल्ट पोचलेले असतात. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्या लाइनचा खटका, पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पाडली तरी लाइटची लाइन त्याच्यावर चालू राहू शकते. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो ठीक असल्याची खात्री करा, मग इथे लावा. फरशी कोरडी हवी, शिडी अॅल्युमिनियमची नको. आत ओल किंवा उघडी वायर दिसली तर पुढचं काम वायरमनचं.

शीट कडक आणि कोरडी असेल तर स्प्रिंग बघा. लाइट काढताना दोन्ही स्प्रिंग बोटांनी धरून ठेवा, नाहीतर फटकन बोटावर बसतात. दाबून सोडल्यावर स्प्रिंग झटकन मागे यायला हवी. वाफेने गंजलेली येत नाही. कधीकधी स्प्रिंग चांगली असते, पण ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारी, डबी लाइटच्या पाठीवर टेकलेली असते किंवा वायर क्लिपखाली सापडलेली असते. तेवढ्यानेही एक बाजू खाली राहते. डबी बाजूला सरकवली की काम झालं.

भोकच मोठं कापलं गेलं असेल, तर लोक कडेला कागदाची घडी किंवा थर्मोकोल कोंबतात. लाइटची मागची बाजू तापते. तिथे जळणारी वस्तू ठेवूच नका. फेविक्विक किंवा सिलिकॉनने चिकटवणंही नको. उद्या ड्रायव्हर गेला की लाइट काढताना शीटचा तुकडाच हातात येईल. त्यापेक्षा भोक मोजा आणि खोक्यावर ज्याचा कटआउट तेवढाच दिलाय असा लाइट आणा. पीव्हीसी पॅनल पातळ असेल तर त्याच्या वरच्या बाजूने, स्प्रिंग टेकते तिथे, पीव्हीसीचीच पट्टी ठेवा, म्हणजे पकड येते.

नवा लाइट घेताना आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाणी किती रोखतो याचा आकडा, विचारा. शिंतोड्यांच्या जागी निदान आयपी ४४, शॉवरच्या डोक्यावर आयपी ६५.

आम्ही वरच्यांचा ट्रॅप दुरुस्त होईपर्यंत तो लाइट बसवलाच नाही. वायरमनने वायरची टोकं बंद करून दिली, भोक उघडं ठेवून शीट वाळू दिली, मऊ झालेला भाग चौकोनी कापून काढला आणि तिथे ओल सोसणारी हिरवी शीट लावली. लाइट मात्र जुनाच बसवला. त्याचं काही बिघडलंच नव्हतं.