रेटिंग अडकलंय? आधी हरलेले तीस डाव उघडा

ऑनलाइन बुद्धिबळ खेळता, चेस डॉट कॉम या साइटवर रॅपिडचं (प्रत्येकी दहा मिनिटं किंवा जास्त वेळाच्या डावांचं) रेटिंग १३०० ते १५०० च्या मध्ये कुठेतरी, लिचेस या दुसऱ्या साइटवर त्याहून दोनेकशे पॉइंट जास्त, आणि गेले सहा महिने आकडा तिथल्या तिथे घुटमळतोय. या टप्प्यावरच्या खेळाडूला फोर्क (दुहेरी हल्ला), पिन (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे जखडलेला मोहरा) ओळखता येतात, किल्लेकोट वेळेवर होतो, दोन-तीन ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या मांडणींच्या) आठ-दहा चाली पाठ असतात. म्हणून अडकलं की तो आणखी शिकायला धावतो: नवं ओपनिंग, नवा कोर्स, नवा यूट्यूब चॅनल. आकडा तरी हलत नाही, कारण डाव जातात ते आधीच येत असलेल्या गोष्टींवर.

आधी खरंच अडकलंय का ते बघा. सारख्या रेटिंगच्या खेळाडूविरुद्ध जिंकलं की साधारण आठ पॉइंट मिळतात, हरलं की आठ जातात. खेळ तसूभरही बदलला नाही तरी २० डावांत निव्वळ योगायोगाने आकडा ३५-४० पॉइंटांनी इकडचा तिकडे होतो, कधी सत्तरनेही. तेव्हा १४३० वरून १३७० ला आलात म्हणून खेळ बिघडला असं नाही आणि १४९० झालं म्हणून सुधारला असंही नाही. दर महिन्याची सरासरी लिहून ठेवा. सलग तीन महिने ती २५-३० पॉइंटांच्या आतच फिरत असेल, तर पुढचं वाचा.

हरलेल्या डावांची वही

रॅपिडमध्ये हरलेले शेवटचे ३० डाव काढा. ब्लिट्झचे (तीन-पाच मिनिटांचे झटपट डाव) घेऊ नका, तिथे घड्याळ सगळ्या चुकांवर पांघरूण घालतं. प्रत्येक डाव आधी इंजिन (चालींचं विश्लेषण करणारा प्रोग्रॅम) बंद ठेवून एकदा चाळा आणि कुठे बिनसलं असं वाटतं ते लिहा. मग इंजिन लावा आणि त्याचं मूल्यांकन (एक पॉइंट म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी) पहिल्यांदा दोन पॉइंटांनी तुमच्याविरुद्ध कुठे घसरलं ती चाल शोधा. +०.४ वरून +०.१ वर आलं, हे पूर्ण सोडून द्या. त्या फरकाने या पातळीवर कुणी डाव हरत नाही.

प्रत्येक डावासाठी एकच ओळ, तीत चार गोष्टी: चालीचा क्रमांक, तेव्हा घड्याळात उरलेला वेळ, ती चाल खेळायला लागलेले सेकंद आणि कारण. कारणासाठी सहाच खाने पुरतात. एका चालीत मोहरा फुकट गेला, दोन-तीन चालींचा डावपेच दिसला नाही, घड्याळाने मारलं, जिंकत आलेला डाव घालवला, एंडगेम (थोडेच मोहरे उरलेला डावाचा शेवट) आला नाही, ओपनिंगमध्येच फसलो. एका डावाला एकच कारण. ‘थोडं हे, थोडं ते’ लिहायला लागलात की वही निरुपयोगी होते.

बहुतेकांच्या वहीत पहिले दोन खाने भरतात आणि ओपनिंगचा जवळजवळ रिकामा राहतो. मात्र खरी माहिती सेकंदांच्या रकान्यात असते. घड्याळात सहा मिनिटं शिल्लक आणि डाव घालवणारी चाल तीन सेकंदांत खेळलेली, अशा ओळी किती आहेत ते मोजा. घोडचूक हा शब्द बुद्धिबळासाठीच घडवल्यासारखा आहे, पण ती घडते तेव्हा बहुतेक वेळा घोड्याचा काही दोष नसतो. चाल ‘उघडच आहे’ असं वाटलेलं असतं.

एक उदाहरण पटावर मांडून बघा (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी). पांढरा ई४, काळा सी५. पांढरा डी४, काळा सी५ च्या प्याद्याने ते मारतो. पांढरा घोडा एफ३, आणि आता काळा ई५. पांढऱ्याला दिसतं की ई५ च्या प्याद्याला कुणाचंच संरक्षण नाही, म्हणून घोडा ते मारतो. लगेच काळा वजीर ए५ वर येऊन शह देतो. त्याच आडव्या ओळीवर ई५ चा घोडा एकटा उभा आहे. राजा वाचवावाच लागतो, घोडा जातो. पांढऱ्याला दुहेरी हल्ला ठाऊक नव्हता असं नाही. कोड्यात हाच दुहेरी हल्ला त्याने पाच सेकंदांत ओळखला असता. मारण्याआधी त्याने काळ्याचे शह मोजले नाहीत. आणि ते होते फक्त दोन: उंट बी४ वर किंवा वजीर ए५ वर. (प्याद्याचा मोह सोडून सी३ खेळला असता तर डाव छान चालू राहिला असता.)

चाल खेळण्याआधीचे दोन प्रश्न

प्रतिस्पर्ध्याने चाल खेळल्यावर: या चालीने त्याने काय धरलं आणि काय सोडलं? दुसरा भाग सगळे विसरतात. घोडा पुढे आला म्हणजे तो आधी ज्या घराचं रक्षण करत होता ते घर मोकळं झालं.

आपली चाल ठरल्यावर, ती खेळण्याआधी: आता त्याच्याकडे कोणते शह, कोणत्या मारी आणि वजिरावर येणारे कोणते हल्ले आहेत? याच क्रमाने आणि सगळे मोजायचे. ‘हा शह तर मूर्खपणाचा आहे’ म्हणून वगळला की नेमका तोच पटावर येतो.

याला पाच ते दहा सेकंद लागतात. पहिले पंधरा-वीस डाव ते ओझं वाटतं, घड्याळही कमी पडतं, आणि रेटिंग थोडं खाली जाऊ शकतं. इथेच बरेच जण सोडून देतात. सवय लागेपर्यंत मदत म्हणून सेटिंगमध्ये जाऊन प्रीमूव्ह (समोरच्याची चाल होण्याआधीच आपली चाल देऊन ठेवण्याची सोय) बंद करा आणि चाल ठरेपर्यंत माउसवरून हात काढून ठेवा. फोनवर खेळत असाल तर अंगठा पडद्यापासून लांब. ऐकायला पोरकट वाटेल, पण हात मोकळा असला की मधले सेकंद आपोआप मिळतात.

कुठल्या वेळेचे डाव

१०+० (प्रत्येकी दहा मिनिटं, दर चालीला जादा वेळ शून्य सेकंद) सगळीकडे चटकन मिळतो म्हणून सगळे तोच खेळतात. सुधारायचं असेल तर १५+१० घ्या. ४० चालींच्या डावात प्रत्येकाला २१-२२ मिनिटं मिळतात, डाव पाऊण तासात संपतो, आणि दर चालीला मिळणाऱ्या दहा सेकंदांमुळे एंडगेम खरोखर खेळता येतो. १०+० मध्ये एंडगेम येईपर्यंत दोघांकडे चाळीस सेकंद उरलेले असतात. त्यातून कुणीच काही शिकत नाही.

१०+० च खेळणार असाल तर पंधराव्या चालीला घड्याळ बघायची सवय लावा. पाच मिनिटांपेक्षा कमी उरली असतील तर ओपनिंगमध्ये नको तिथे वेळ जातोय. आठपेक्षा जास्त असतील तर तुम्ही विचार करतच नाही आहात, आणि या पातळीवर हाच आजार जास्त आढळतो.

ब्लिट्झ पूर्ण बंद करायची गरज नाही. रविवारी मनसोक्त खेळा. पण सलग दोन डाव हरलात की त्या दिवसापुरतं रॅपिड बंद. तिसरा डाव गेलेले सोळा पॉइंट परत मिळवायला खेळला जातो, आणि त्यात वरच्या दोन प्रश्नांपैकी एकही विचारला जात नाही.

कोडी सोडवा, पण उलट बाजूनेही

कोड्यांचं रेटिंग २००० आणि खेळाचं १४००, ही जोडी फार नेहमीची आहे. कोडं समोर आलं की इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं. डावात कुणी तसं सांगत नाही. शिवाय कोड्यात पहिली चाल अंदाजाने लागली तरी हिरवी खूण मिळते आणि मेंदू स्वतःला शाबासकी देतो.

रोज २० मिनिटं, घड्याळाच्या शर्यतीतली कोडी टाळून. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चांगल्या उत्तरासकट पूर्ण ओळ डोक्यात तयार होईपर्यंत मोहऱ्याला हात लावायचा नाही; एका कोड्याला चार-पाच मिनिटं लागली तरी चालतील. पहिली चाल बरोबर आली पण पुढचं उत्तर पाहिलेलं नव्हतं, तर स्वतःच्या हिशेबात ते कोडं चुकलं. या कडक हिशेबाने दहापैकी सात-आठ बरोबर येत असतील तर पातळी योग्य आहे. दहाच्या दहा येत असतील तर अवघड करा. चुकलेली कोडी जपून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा सोडवा.

लिचेसवर कोडी विषयानुसार निवडता येतात. त्यात बचावात्मक चाल आणि शांत चाल असे विषय आहेत. आठवड्यातून दोन दिवस तेच घ्या. तिथे मात नसते, वजीर मिळत नाही, मजाही कमी येते. पण समोरच्याचा डाव ओळखण्याचा सराव तिथेच होतो आणि तुमच्या वहीतला पहिला खाना त्यानेच रिकामा होतो.

ओपनिंगला किती वेळ?

थोडाच. पांढऱ्याने एक, काळ्याने ई४ विरुद्ध एक आणि डी४ विरुद्ध एक, एवढ्यावर वर्ष निघतं. प्रत्येक डावानंतर लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये (कुठल्या स्थितीत कोणत्या चाली खेळल्या गेल्या ते दाखवणाऱ्या साधनात) तुमच्या आसपासचे रेटिंग गट निवडा, कारण तुमच्याविरुद्ध ग्रँडमास्टर खेळत नाहीत. डाव ओळखीच्या वाटेवरून जिथे सुटला तिथली एक चाल लक्षात ठेवा. एका डावातून एकच.

पुढे असताना हरणं

वहीतला चौथा खाना भरलेला असेल तर तुमचे सर्वांत स्वस्त पॉइंट तिथे पडलेत. एक मोहरा पुढे असताना मोहरे अदलाबदल करा, प्यादी शक्यतो ठेवा. मागे असाल तर उलट. त्याहून महत्त्वाचं: पुढे गेल्यावर पहिल्यांदा समोरच्याची उरलेली एकमेव आशा शोधा (राजावरचा हल्ला, पुढे समोरच्या प्याद्याचा अडथळा न उरलेलं प्यादं, तळओळीवरची मात) आणि ती आधी बंद करा. दुसरा मोहरा मारायची घाई इथेच नडते.

सराव असा: स्वतःच्या डावांतून +३ असूनही न जिंकलेल्या पाच स्थिती काढा आणि त्याच जागेपासून संगणकाशी खेळा. लिचेसवर संगणकाच्या आठ पातळ्या आहेत. पाचवीपासून सुरू करा आणि जिंकलात की वर चढा. एकच स्थिती तीन-चार वेळा खेळावी लागली तर तो वेळ वाया गेलेला नाही.

एंडगेममध्ये आधी एवढंच पक्कं करा. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७: चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. एक ओळ पुढे, म्हणजे राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८ असेल, तर चाल कुणाचीही असो, पांढराच जिंकतो. शेवटचे हत्ती मारून घ्यायचे की नाही हे यावर ठरतं, आणि तो हिशेब मारण्याआधी करायचा असतो. हत्तींच्या एंडगेममध्ये फिलिडोरचा बचाव: प्याद्यासमोर आपला राजा आणि हत्ती सहाव्या ओळीवर (आपण काळे असताना), म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही; प्यादं सहाव्या ओळीवर सरकलं की हत्ती तडक पहिल्या ओळीवर नेऊन मागून शह देत राहायचे. लुसेनाची स्थिती (हत्तींच्या एंडगेममध्ये एक प्यादं पुढे असताना जिंकण्याची नेहमीची स्थिती) त्यानंतर.

आठवड्याचं गणित साधारण सहा तासांचं: १५+१० चे चार डाव म्हणजे तीन तास, प्रत्येक डावावर २० मिनिटं म्हणजे सव्वा तासाच्या थोडं वर, उरलेल्या वेळात पाच दिवस कोडी. तेवढा वेळ नसेल तर डाव दोन करा, पण विश्लेषणाला कात्री लावू नका.

पुढचे ३० डाव हरेपर्यंत रेटिंगकडे फार बघू नका. मग नवी वही जुनीशेजारी ठेवा. काम झालं असेल तर फुकट गेलेल्या मोहऱ्यांचा खाना आटलेला दिसेल आणि एंडगेमचा फुगलेला, कारण डाव आता बाविसाव्या चालीला न संपता पन्नासाव्यापर्यंत जातात. तसं दिसलं की कोड्यांची २० मिनिटं दहावर आणा आणि उरलेली दहा लुसेनाला द्या.