सोळा जणांना स्पितीला नेताना

ठाण्याहून पंधरा-सोळा माणसं घेऊन हिमाचलातल्या उंचावरच्या स्पिती खोऱ्यात जायचं ठरलं की पहिल्या बैठकीत सगळे खर्चाचा आकडा विचारतात. तो नंतर सांगा. वहीच्या पहिल्या पानावर आधी हे लिहा: आपल्यात सगळ्यात सावकाश चालणारं माणूस कोण, रक्तदाबाची गोळी कोण घेतं, दम्याचा त्रास कोणाला आहे, रात्री झोपेत श्वास कोणाचा अडकतो. सहलीचा कार्यक्रम त्या माणसांच्या शरीराला झेपेल असा बसवायचा. बाकीच्यांना तो आपोआप झेपतो.

हे मी २०१७ला शिकले. तेव्हा रोहतांगखालचा अटल बोगदा नव्हता. मनालीहून रोहतांग घाट ओलांडून आम्ही चौदा जण एका टेम्पो ट्रॅव्हलरने थेट चंद्रताल तळ्यापाशी गेलो. मनाली दोन हजार मीटरवर, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या आसपास. एका दिवसात तेवढं चढून गेलो आणि रात्री तिथेच झोपलो. गाडी ठरवून देणाऱ्याने "सगळे असेच जातात" म्हटलं, आम्हीही मान डोलावली. रात्री अकराला आमच्यातले एक काका तंबूबाहेर गेले आणि परत येताना दोरीला अडखळून पडले. आधी वाटलं, अंधार आहे. टॉर्च लावून त्यांना चालायला सांगितलं तर पाय दोन्हीकडे पडत होते, आणि स्वतःच्या बायकोला ते "चहा झाला का" असं परत परत विचारत होते. विरळ हवेने मेंदूला सूज येते तेव्हा तोल असाच जातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गाडी एकच. त्यामुळे एका माणसाला खाली न्यायचं तर चौदा जणांनी रात्री सामान बांधायचं. बांधलं. पहाटे रोहतांग ओलांडून खाली उतरलो तसं काका हळूहळू माणसात आले. नंतर ते पूर्ण बरे झाले, पण स्पिती आम्ही त्या वेळी पाहिलंच नाही.

तेव्हापासून मी दोनदा गट नेला, दोन्ही वेळा मनालीऐवजी दुसऱ्या बाजूने, किन्नौर जिल्ह्यातून. तुम्हालाही तेच सांगेन. चंदीगडहून वर चढायला लागायचं, पहिला मुक्काम नारकंड्याला, साधारण २,७०० मीटरवर. मग सांगला किंवा कल्पा. कल्पाला दोन रात्री द्या, लोक कुरकुरले तरी द्या. समोर किन्नर कैलास दिसतो, सफरचंदाच्या बागा आहेत, कोणी कंटाळत नाही. तिथून नाकोमार्गे ताबो. नाको उंच आहे, म्हणून तिथे जेवायचं आणि झोपायला ताबोला खाली यायचं, ३,२८० मीटरवर. पुढच्या दिवशी वाटेत धनकरचा मठ पाहून काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव. काझाला किमान तीन रात्री, आणि त्या मुक्कामातूनच की गावचा मठ आणि किब्बर, लांगझा, हिक्कीम, कोमिक ही गावं दिवसा पाहून यायची. कोमिक साडेचार हजार मीटरच्या वर आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलं की शरीर पटकन सरावतं. चंद्रताल सगळ्यात शेवटी, कुंझुम घाट ओलांडून. तोवर आठवडा झालेला असतो आणि तिथे शांत झोप लागते. मग ग्राम्फूमार्गे नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनाली.

डॉक्टर मंडळी सांगतात तो नियम सोपा आहे: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. हा नियम कागदावर घेऊन नकाशा पाहा. किन्नौरचा रस्ता त्यात जवळजवळ जसाच्या तसा बसतो, मनालीचा बसत नाही.

कधी जायचं? कुंझुम साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या पुढे त्याचा भरवसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी कोणालाही नेणार नाही. स्पितीत पाऊस नगण्य, पण तिथे जायचा रस्ता किन्नौरातून जातो आणि तिथले डोंगर पावसात ठिसूळ होतात. २०२१च्या जुलैत सांगला खोऱ्यात बटसेरीला दरड कोसळून नऊ पर्यटकांचा जीव गेला. मला सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आवडतो. बऱ्याच वर्षी तोवर गणपती उरकलेले असतात, नवरात्राला वेळ असतो, पितृपक्षात लग्नकार्यं नसल्याने रजाही मिळतात. ज्यांच्या घरी तिथी असते त्यांच्या तारखा मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर ऐन वेळी दोन नावं गळतात. आणि शेवटी एक दिवस मोकळा ठेवाच. २०१८च्या सप्टेंबरात अकाली बर्फ पडून लाहौल-स्पितीत शेकडो लोक अडकले होते. मनालीला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी परतीची गाडी असली तर घाट बंद झाल्यावर माणूस चुकीचे निर्णय घेतो.

गाड्यांबद्दल आमच्या गटात दर वेळी वाद होतो. सगळ्यांना एकच मोठी गाडी हवी असते, अंताक्षरी खेळता येते म्हणून. मी तीन लहान गाड्या घेते, प्रत्येकीत पाच-सहा माणसं. माणशी थोडे जास्त पडतात. पण कोणाला खाली न्यायची वेळ आली तर एक गाडी त्याला आणि सोबतीला दोघांना घेऊन निघते, बाकीचे अडत नाहीत. चंद्रतालच्या अरुंद फाट्यावरही लहान गाडी सुखाची. चालक हिमाचलचाच हवा. त्याच्या झोपायची खोली आणि जेवण आपल्या हिशोबात धरलंय का, हे करारात लिहून घ्या. रात्री गाडीत आखडून झोपलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी आपण पाच-सहा जीव देत असतो.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे सोळा जणांची तीन तिकिटं होतात, ती तिघांनी तीन घरांतून एकाच वेळी काढायला बसावं. ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ हवा असेल तर त्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं, एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं. तो कोटा बायकांना ४५ वर्षांपासून मिळतो, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं.

पैशांसाठी आमची भिशी आहे. नेहमीची भिशी उचलायची असते, ही कोणी उचलत नाही. दीड वर्षं दर महिन्याला माणशी अडीच हजार, म्हणजे ४५ हजार. एकदम एवढी रक्कम मागितली तर निवृत्त माणसं मागे सरतात. महिन्याला थोडे देताना कोणाला जड जात नाही, आणि दीड वर्ष हप्ता भरणारं माणूस सहसा गळत नाही. त्यातले माणशी तीन हजार मी अडीअडचणीसाठी बाजूला ठेवते. त्याला हात लावायचा तो फक्त आजारपण, बंद रस्ता किंवा जादा मुक्काम यासाठी, कुलूहून शाली घ्यायला नाही. रोकड दोघांकडे विभागून द्या. काझाला एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असं नाही, आणि रेंज नसेल तर फोनवरून पैसे देणंही बंद. भारतीयांना स्पितीसाठी परवाना लागत नाही. कोणाचा मुलगा किंवा सून परदेशी पासपोर्टवर येणार असेल तर त्यांना मात्र इनर लाइन परमिट काढावं लागतं, ते रिकाँग पिओला मिळतं. त्यासाठी अर्धा दिवस धरा.

तयारी चार महिने आधी सुरू करतो. दर रविवारी ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाच्या फाटकापासून पाटोणपाड्यापर्यंत आणि परत. चढावर बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा, एवढंच सूत्र. महिन्यातून एकदा मामा-भाच्याचा डोंगर, आणि ज्यांना जमेल त्यांनी एकदा कळसूबाई. पण हेही स्पष्ट सांगते की कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कल्पाच्याही कितीतरी खाली. सह्याद्रीत पाय आणि छाती तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. आमच्यातला सगळ्यात तरुण, धावण्याच्या शर्यती करणारा मुलगा काझाला डोकं धरून बसला होता आणि माझी ६३ वर्षांची नणंद निवांत जिने चढत होती. तरुण माणूस त्रास लपवतो, म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवा.

निघायच्या महिनाभर आधी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना दिवसागणिक उंचीचा कागद दाखवायचा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे त्यांनीच सांगायचं. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून बोला. वर गेल्यावर रोज संध्याकाळी चहाच्या वेळी मी सगळ्यांना तेच विचारते: डोकं दुखतंय? मळमळतंय? जेवण गेलं का? शंका आली तर टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखवायचं. पावलं चुकली, किंवा बसल्या जागी धाप लागली, की चर्चा नाही, लगेच खाली. नुसतं डोकं दुखत असेल तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असू द्या, पण काझाला ८७-८८ आकडा दिसला म्हणून घाबरू नका. तिथे बऱ्याच जणांचा तेवढाच येतो. आकड्यापेक्षा माणसाचा चेहरा आणि चाल पाहा. दारू काझा सोडेपर्यंत नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगते. दोघं-तिघं नाराज होतात, होऊ देत.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण वर भूक मरते आणि न खाल्लेलं माणूस आधी आजारी पडतं. काझाला पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. होमस्टेच्या मावशींकडे कुकर असतोच. त्यांना मऊ भात आणि वरण सांगायचं आणि आपण मेतकूट, तूप, लिंबाचं गोड लोणचं काढायचं. ज्याला दोन दिवस काही गेलं नव्हतं तोही वाटीभर खातो. आलेपाक आणि सुंठीच्या गोळ्या प्रत्येकाच्या खिशात. भडंग-चिवड्याची कारखान्यात बंद केलेली पाकिटं नेऊ नका. नाकोला पोचेपर्यंत ती उशीसारखी फुगतात, आणि आमचं एक तर बॅगेतच फुटलं. स्वेटरच्या बाह्यांतून पुढे चार दिवस शेंगदाणे निघत होते. घरच्या डब्यात भरा आणि झाकण मधून मधून सैल करा.

खोल्यांच्या जोड्या ठाण्यातच लावा. घोरणारे घोरणाऱ्यांबरोबर, पहाटे उठणारे त्यांच्यासारख्यांबरोबर. गरम पाणी बादलीने मिळतं, काही घरांत कोरडा संडास असतो, त्यात वापरून झाल्यावर माती-राख टाकायची. बैठकीतच हे मोकळेपणाने सांगितलं की वर गेल्यावर कोणी नाक मुरडत नाही. पाणी तिथे बर्फ वितळून येतं आणि त्यावरच त्यांचा वाटाणा आणि जव पिकतात. आपण तिथे दोन बादल्या मागू नयेत.

लांगझाला मुलं दगड विकायला आणतात. तळहातावर मावणारा काळा गोळा, दोन भागांत उघडला की आत शंखासारखं वळण. माझ्या जाऊबाईंनी तो हातात घेतला आणि लगेच कपाळाला लावला, कारण देवघरातला शाळीग्राम तसाच दिसतो. ते दोन्ही एकच, समुद्रातल्या प्राण्यांचे जीवाश्म, हिमालय वर येण्याआधी तिथे समुद्र होता त्या काळचे. मोह होतो. पण घेऊ नका. एका गटाने सोळा नेले, दुसऱ्याने वीस, तर त्या उतारावर काय राहील? जाऊबाईंनी तो परत दिला आणि मुलाच्या हातावर खाऊ ठेवला. चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, तंबू दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात. जो काठावर लावून देतो म्हणेल त्याला नाही म्हणा. ताबोचा मठ ९९६ सालचा आहे, मातीच्या भिंतींचा. आतल्या चित्रांचे फोटो काढायचे नाहीत, हे गाडीतून उतरायच्या आधी सगळ्यांना सांगून ठेवा. आत शिरल्यावर सांगितलं तर उशीर होतो. कचऱ्याची एक जाड पिशवी प्रत्येक गाडीत असते. ती आम्ही मनालीपर्यंत खाली आणतो.

हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून प्रत्येकाने स्वतःच्या घरच्या पत्त्यावर एक कार्ड टाकायचं, हा आमचा रिवाज. पिनकोड ४००६०२ लिहिताना त्या उंचीवर बोटं थंडीने वळत नाहीत, म्हणून पत्ता ठाण्यातूनच लिहून न्या.

परत आल्यावर पंधरा दिवसांत हिशोब द्यायचा, जास्त लांबवायचा नाही. मागच्या वेळी अडीअडचणीच्या पैशांतून एका जादा मुक्कामाचाच खर्च झाला. उरलेले माणशी एकवीसशे मी सोळा पाकिटांत घालून रविवारी येऊरच्या फाटकाशी वाटले. तिथेच पुढच्या भिशीची वही उघडली, आणि पहिलं नाव त्याच काकांनी घातलं ज्यांना आम्ही २०१७ला रात्री खाली आणलं होतं.