७७७ हे औषध नव्हे: सर्व्हर उभारताना या चुका टाळा

जळगाव परिसरातील छोट्या व्यावसायिकांची संकेतस्थळे सांभाळताना माझ्याकडे दुरुस्तीला येणारे बहुतेक बिघाड हे सर्व्हर आपणहून बिघडल्यामुळे नव्हे, तर कोणीतरी तो घाईघाईने 'दुरुस्त' केल्यामुळे झालेले असतात. त्यांतली एक चूक इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

ती चूक म्हणजे परवानगीची अडचण दिसताच सीएचमॉड ७७७, म्हणजे फाइल वाचण्याची, बदलण्याची व चालवण्याची परवानगी सरसकट सगळ्यांना देणारी आज्ञा, चालवणे. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर रोजचे भाव आणि मालाची छायाचित्रे चढवली जात. एके दिवशी छायाचित्र चढेना, 'परमिशन डिनाइड' असा संदेश येऊ लागला, तेव्हा काम पाहणाऱ्या नवशिक्या मुलाने इंटरनेटवर सापडलेली ओळ, आतल्या सर्व फोल्डरांना लागू होईल अशा रीतीने आणि वर सुडो (आज्ञा सर्वोच्च अधिकाराने चालवणारा शब्द) लावून चालवली. मूळ ओळीत केवळ संकेतस्थळाच्या फोल्डरचा पत्ता होता. टाइप करताना पहिल्या तिरप्या रेषेनंतर त्याच्याकडून एक मोकळी जागा पडली. त्यामुळे एका पत्त्याचे दोन पत्ते झाले आणि त्यांतला पहिला होता संपूर्ण सर्व्हरचे मूळ. लिनक्सवर आरएम ही फाइली खोडणारी आज्ञा मुळावर चालायला सहसा नकार देते. सीएचमॉड मात्र निमूटपणे कामाला लागते.

संध्याकाळी त्याचा फोन आला, "भाऊ, सुडोच चालत नाहीये." चालणार कसा? सुडोच्या फाइलवर तिला मालकाच्या अधिकाराने चालू देणारी जी खास खूण असते, ती ७७७ ने पुसली गेली होती. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या खासगी किल्ल्यांच्या फाइली कोणालाही वाचता येतात हे पाहून एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या सोयीने, त्या वापरणे नाकारले, त्यामुळे नव्याने आत शिरण्याची वाटही बंद झाली. मुलाच्या लॅपटॉपवर उघडी राहिलेली एकच खिडकी उरली होती आणि तिच्या हाती काही अधिकार नव्हता. शेवटी रात्री रेस्क्यू मोडमधून (म्हणजे सर्व्हर तात्पुरत्या वेगळ्या प्रणालीवर सुरू करून) डिस्क जोडून डेटाबेस व छायाचित्रे बाहेर काढली आणि नवा सर्व्हर उभा केला, कारण हजारो फाइलींच्या मूळ परवानग्या आठवून परत बसवणे कोणाच्याही आवाक्यातले नाही.

माझी सवय साधी आहे. आधी एलएस-एल चालवून फोल्डरचा मालक कोण ते पाहतो, मग वेब सर्व्हर कोणत्या नावाने चालतो ते पाहतो. उबंटू आणि डेबियनवर ते नाव बहुधा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असते. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ (दोन्हींत बदल करण्याचा अधिकार फक्त मालकाला), आणि ज्या एका फोल्डरात छायाचित्रे चढतात तेवढ्याचीच मालकी सीएचओन वापरून त्या नावाकडे देतो. हे दोन मिनिटांचे काम आहे. 'आधी चालू तर होऊ द्या, परवानग्या मग बघू' असे म्हणणाऱ्यांपैकी ज्याचे ते 'मग' उगवले असा एकही जण मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी चूक आपल्याकडच्या विजेशी निगडित आहे. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि लाईट केव्हा जाईल याचा भरवसा नसतो; लाईट गेली की राउटर जातो, एसएसएच तुटते आणि त्या खिडकीत चाललेले कामही बहुधा तिथेच संपते. डेटाबेसची एक मोठी आयात माझ्याकडून अशीच अर्धवट राहिली आणि कोणते तक्ते आले, कोणते राहिले हे शोधण्यात संपूर्ण दुपार गेली. तेव्हापासून सर्व्हरवर शिरताच मी प्रथम टीमक्स सुरू करतो; जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालू ठेवणारा हा प्रोग्राम आहे. कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर पडावे, परत आल्यावर टीमक्स अटॅच म्हणावे. काम आत चालूच असते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. यूएफडब्ल्यू ही फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) सुरू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्यावी आणि दुसऱ्या खिडकीतून प्रवेश मिळतो याची खात्री होईपर्यंत पहिली खिडकी बंद करू नये. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मांडणीत बदल केल्यावर ती तपासणारी एनजिनएक्स-टी ही आज्ञा चालवल्याशिवाय ती पुन्हा लोड करू नये. पासवर्ड असलेली फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकू नये. टाकली असल्यास नुसती खोडून भागत नाही, कारण जुन्या नोंदींत ती राहतेच, तेव्हा पासवर्डच बदलावा.

डिस्क भरल्यावर मोठी लॉग फाइल (सर्व्हरच्या घडामोडींची नोंदवही) उडवूनही डीएफ ही डिस्कवरची जागा दाखवणारी आज्ञा तोच आकडा दाखवत असेल, तर सर्व्हरला दोष देत बसू नये. कोणत्यातरी चालू प्रक्रियेने ती फाइल अजून उघडी धरलेली असते आणि तोवर तिची जागा सुटत नाही. एलएसओएफ वापरून ती प्रक्रिया शोधावी व पुन्हा सुरू करावी. पुढच्या वेळी फाइल उडवण्याऐवजी ट्रंकेटने रिकामी करावी आणि त्याच बैठकीत जुन्या लॉग फाइली आपोआप आवरणारे लॉगरोटेट लावून टाकावे.