रेंज नसलेल्या डोंगरात वाट दाखवणारे ॲप कसे निवडावे

बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा आणि पलीकडे पाचनईला उतरायचे, असा बेत करणारे बहुतेक जण आता फोनमध्ये नकाशाचे एखादे ॲप घेऊनच निघतात. हेच ॲप का घेतले, असे विचारले तर उत्तर येते, "मित्राने सांगितले." मग नळीत, म्हणजे कातळभिंतींमधल्या अरुंद घळीत, शिरल्यावर रेंज जाते आणि पडद्यावर नुसते करडे चौकोन उरतात. माझ्यावर ही वेळ एका घाटवाटेत आली होती. तेव्हापासून मी कुठलेही ॲप आधी ओळखीच्या डोंगरावर तपासतो आणि मगच अनोळखी डोंगरात नेतो. ती पद्धत इथे सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू

इंटरनेट गेले की जीपीएस बंद पडते, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. फोन उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही तुमची जागा कळते. नेट लागते ते नकाशाचे चित्र आणायला, आणि तेच आपल्याला आधी उतरवून ठेवायचे असते.

मात्र नेट असताना उपग्रहांची ताजी माहिती फोनला चटकन मिळते. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच यावी लागते आणि त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. म्हणून पायथ्याच्या गावात, उघड्या मैदानात उभे राहून जीपीएस सुरू करा. कड्याखाली किंवा दाट झाडीत पोहोचल्यावर पहिल्यांदा सुरू कराल तर बराच वेळ खोळंबा होईल.

१. ॲपच्या आत कोणता नकाशा आहे ते पाहा

गुगल मॅप्स गावापर्यंत गाडी न्यायला चांगले आहे. पण त्याचा उतरवलेला नकाशा नेटशिवाय फक्त गाडीचा रस्ता सांगतो, पायी जायचा मार्ग सांगत नाही. शिवाय तो ठरावीक काळाने कालबाह्य होतो. आणि घाटवाटा त्यात बहुधा नसतातच.

ऑस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स आणि यांच्यासारखी बहुतेक ॲप ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या खुल्या नकाशावर चालतात. तो स्वयंसेवकांनी भरलेला आहे. म्हणजे या ॲपांमध्ये मूळ माहिती सारखीच असते, फरक पडतो तो ती दाखवण्यात. ऑरगॅनिक मॅप्स मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि नवख्याला ते पहिल्या दिवशीच वापरता येते. ऑस्मअँडमध्ये हवे ते सगळे आहे, पण त्याचे मेनू शिकायला दोन-चार संध्याकाळी द्याव्या लागतात आणि काही सोयींना पैसे पडतात. पहिल्यांदाच घेत असाल तर ऑरगॅनिक मॅप्सपासून सुरुवात करा, असे मी सांगेन. परदेशी व्हिडिओंत ज्यांची वाहवा होते, त्यांतली काही ॲप मुख्यतः अमेरिकेतल्या सरकारी नकाशांवर आणि तिथल्या वाटांच्या नोंदींवर उभी आहेत. सह्याद्रीत त्यांचे वर्षाचे पैसे भरून विशेष काही हाती लागत नाही.

२. ओळखीचा डोंगर उघडा

तुम्ही तीन-चार वेळा चढलेला डोंगर घ्या. समजा राजगड. गुंजवण्याहून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर जाणारी वाट नकाशात आहे का? पाली दरवाजाची वाट वेगळी दिसते का? पाण्याची टाकी दाखवली आहेत का? पायवाट आणि बैलगाडीचा रस्ता वेगवेगळ्या रेषांनी काढला आहे का? भर उन्हात ती रेषा डोळ्यांना दिसेल इतकी ठळक आहे का? ज्या डोंगराचा दगड न् दगड तुम्हाला माहीत आहे, तिथे ॲप कुठे चुकते ते लगेच कळते. अनोळखी डोंगरात तेच ॲप त्याच प्रकारे चुकणार आहे.

३. घरीच रेंज तोडा

नकाशा उतरवला की फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद करा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आता जायच्या भागावर जा आणि शेवटपर्यंत झूम करा. काही ॲप नुकताच पाहिलेला भाग तात्पुरता साठवतात आणि आपल्याला वाटते की नकाशा उतरला. दोन्ही बाजूंची गावेही तपासा. हरिश्चंद्रगडाच्या एका अंगाला मुरबाड तालुक्यातले बेलपाडे, दुसऱ्या अंगाला अकोले तालुक्यातली पाचनई आणि तिसरीकडे जुन्नरमधले खिरेश्वर. वाट चुकून भलतीकडे उतरलात, तर तिथला नकाशाही हाताशी हवा.

४. समोच्च रेषा वाचा, पण कड्याजवळ त्यांच्यावर विसंबू नका

शाळेत भूगोलात शिकलेल्या समोच्च रेषा ज्या ॲपमध्ये नाहीत, ते डोंगरासाठी घेऊ नये. रेषा दूर दूर तिथे पठार किंवा पदर, म्हणजे डोंगराच्या अंगावरचा सपाट टप्पा, जवळ जवळ तिथे चढ, एकमेकींना चिकटलेल्या तिथे कडा.

यात एक धोका आहे आणि सह्याद्रीत तो फार मोठा आहे. अनेक ॲपमधल्या रेषा २००० सालच्या फेब्रुवारीत नासाच्या एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवस रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या आहेत. त्यात सुमारे ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची मिळते. त्यामुळे ताशीव कडा नकाशात तीव्र उतारासारखा मवाळ होऊन येतो. दोन रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक असेल, तर १५ मीटरचा कातळटप्पा त्यांच्यामध्ये सहज लपतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर वरून पुढे झुकलेला आहे, आणि एका जागेला एकच उंची देणाऱ्या नकाशात असा आकार बसूच शकत नाही. म्हणून "रेषा विरळ आहेत, इथून सरळ उतरू" हा निर्णय पडद्यावर पाहून कधीही घेऊ नका. मळलेली वाट सोडून उतरताना इथे माणसे कड्यावर अडकतात.

५. दुसऱ्याचा ट्रॅक पारखून घ्या

आधी गेलेल्यांनी नोंदवलेला मार्ग जीपीएक्स फाइलमध्ये मिळतो. ही फाइल नेटशिवाय उघडून नकाशावर दाखवता आली पाहिजे. निवडीची ही माझी ठाम अट आहे.

फाइल उघडली की रेषेचा स्वभाव पाहा. लांब, सरळ तुकडे असतील तर ती बहुधा संगणकावर बसून आखली आहे. एका जागी गुंता असेल तर तिथे विश्रांती झाली, नाहीतर शोधाशोध झाली. तारीखही पाहा. ऑक्टोबरमध्ये वाटा उंच गवतात बुडालेल्या असतात, आणि उन्हाळ्यातला नळीचा ट्रॅक पावसाळ्यात धबधब्यात नेतो.

सगळ्यात उपयोगाची युक्ती म्हणजे तीन वेगवेगळ्या लोकांचे ट्रॅक एकावर एक ठेवणे. जिथे रेषा एकत्र चालतात तिथे वाट ठळक आहे. जिथे त्या फाकतात तिथे ढोरवाटा फुटल्या आहेत, आणि सगळेच चाचपडले आहेत. ती जागा खूण करून ठेवा आणि गावात तिच्याबद्दल विचारा. फाटे फार असतील तर सरळ वाटाड्या घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या.

नळीत आणखी एक गोष्ट होते. संकेत कातळभिंतींवर आपटून येतात आणि तुमचा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. ठिपका रेषेपासून थोडा बाजूला दिसला म्हणून ती गाठायला भिंतीवर आडवे चढू नका. थांबा, आकाश मोकळे दिसेल तिथे पुन्हा पाहा.

६. बॅटरी, पाऊस, संकट

फ्लाइट मोड, मंद पडदा आणि जोडीला पॉवरबँक एवढे पुरते. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, म्हणून पावसाळ्यात पारदर्शक पिशवी हवी. नकाशा गटातल्या किमान दोन फोनमध्ये ठेवा.

आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपमध्ये कुठे दिसतात ते आधीच शोधून ठेवा. धारेवर रेंजची एखादी काडी मिळाली तर ११२ या आणीबाणीच्या क्रमांकावर हेच आकडे सांगायचे असतात. परदेशातून येणाऱ्या नातलगांना एक आवर्जून कळवा: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र परवान्याशिवाय भारतात आणणे बेकायदा आहे आणि त्यावरून विमानतळावर अटक होऊ शकते.

७. परत आल्यावर

ओपनस्ट्रीटमॅपवर मोफत खाते उघडा आणि तुम्ही स्वतः चाललेली वाट, खिंड, झाप (डोंगरातली झोपडी), टाके त्यात भरा. पुढच्या माणसाच्या ॲपमध्ये तेच उतरणार आहे. न चाललेली वाट अंदाजाने जोडू नका. पाण्याचे टाके दाखवताना पाणी कोणत्या महिन्यात पाहिले तेही लिहा. डिसेंबरात भरलेले टाके मे महिन्यात कोरडे असू शकते, आणि तुमच्या नोंदीच्या भरवशावर कुणीतरी एकच बाटली घेऊन चढेल.