डायनामो बदलण्याआधी वायर बघा: चार्जिंग दुरुस्तीतल्या या चुका टाळा

मे महिन्यातली रात्र. चोपड्याहून पिकअपमध्ये केळी भरून धुळ्याकडे निघालो होतो. तापीचा पूल ओलांडला आणि अमळनेरच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडायला लागले. चहाला थांबलो, परत सेल्फ मारला तर नुसतं 'टिक'. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "काय व्हयनं भाऊ?" मी छातीठोकपणे सांगितलं, बॅटरी गेली.

नवी बॅटरी घेतली. पंधरा दिवसांत तीही बसली. मग चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा डायनामो बदलला (अल्टरनेटर म्हणा हवं तर, गॅरेजात अजून डायनामोच म्हणतात). तरी तेच. शेवटी दोष निघाला इंजिन आणि चेसिस यांच्यामधल्या अर्थच्या पट्टीत. विणीच्या तारा आतून खाल्लेल्या, वरून मात्र धडधाकट.

मीटर न लावता निदान

दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर गाडीत ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर जवळपास रिकामी. आता इंजिन चालू करा. बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण 13.8 ते 14.5 आले पाहिजेत. आकडा 12.5 वरच अडकला किंवा उतरत गेला तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा त्याला व्होल्टेज कळवणारी सेन्स वायर बिघडली आहे. अशी गाडी चालवत राहिलात तर बॅटरीचं पाणी उकळून उडून जाईल. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत इंजिन तापल्यावर आकडा 13.6 पर्यंत उतरला तरी घाबरू नका, बरेच रेग्युलेटर उष्णतेत मुद्दाम व्होल्टेज कमी करतात. नवीन गाड्यांत तर कॉम्प्युटरच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नये.

वायर डोळ्यांनी तपासणं

माझे पैसे इथेच बुडाले. डायनामोतला करंट जाड प्लस वायरने बॅटरीकडे जातो आणि परत येतो तो चेसिस, अर्थची पट्टी आणि इंजिनाच्या अंगातून. म्हणजे परतीची वाटही वायरच आहे, फक्त ती आपल्या लक्षात येत नाही. या वाटेत कुठे 0.05 ओहम रोध आला आणि 40 अँपिअर वाहत असले, की 2 व्होल्ट तिथेच गडप. डायनामोवर 14.2, बॅटरीवर 12.2. एवढा छोटा रोध साध्या मीटरच्या ओहमवर धड कळत नाही, आणि वायर जोडलेली आहे का हे सांगणारा मीटरचा बझर तर एकच तार शाबूत असली तरी आनंदाने वाजतो.

म्हणून भार टाकून मोजायचं. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, ॲक्सिलरेटर थोडा दाबलेला. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक डायनामोच्या जाड प्लस बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर, फरक 0.2-0.3 व्होल्टपेक्षा जास्त नको. मग एक टोक डायनामोच्या उघड्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर, तिथे 0.2 च्या आत. माझ्या गाडीत प्लसकडे सगळं आलबेल होतं, मायनसकडे दीड व्होल्ट. फरक सापडला की टोकं एकेक जोड पुढे सरकवत जा, दोषी थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) स्वतःच सापडतं. मीटरच्या वायरी आणि आपली बाही पट्ट्यापासून, पंख्यापासून लांब ठेवा.

अर्थ तुटला की करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची किंवा गिअरची केबल विनाकारण गरम लागली तर आधी पट्टी बघा.

चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढणं

"नाना, टर्मिनल काढून बघू, गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला!" हे वाक्य हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजात ऐकू येईल. जुन्या डीसी डायनामोच्या काळात हे खपून गेलं. अल्टरनेटरला बॅटरीचा आधार लागतो. तो अचानक काढला की क्षणभर व्होल्टेज उसळतं, आत संरक्षण नसेल तर शंभरच्या घरातही. डायोड (डायनामोच्या एसीचं डीसी करणारे), रेग्युलेटर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), कुणाचाही बळी जाऊ शकतो. मिस्त्री कितीही अनुभवी असो, त्याचा हात धरा. जंपर केबल उलटी लावली तरी पहिले डायोडच उडतात.

लाल दिव्याकडे काणाडोळा

चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत या दिव्यातूनच डायनामोला जागं करणारा पहिला करंट जातो. बल्ब उडाला किंवा ती बारीक वायर तुटली, तर डायनामो चांगला असूनही झोपून राहतो. गाडी चालू असताना दिवा मंद तेवत असेल तर डायोडवर संशय घ्या: मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो खरा.

बाकी चुका नेहमीच्याच. पट्टा किंचाळतो म्हणून ताणून ताणून बेअरिंग घालवणं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार. एलईडी बार आणि म्युझिक सिस्टिमचे जोड वळून नुसती टेप मारणं. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. कापसाच्या वखारीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायचा सोडा आणि पाण्याने धुवा, पण सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. आणि कुठल्याही वायरला पाना लावण्याआधी इंजिन बंद करून मायनस टर्मिनल काढा. डायनामोच्या जाड बोल्टवर चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो.

एवढं करून दोष डायनामोतच निघाला, तर घासलेले कार्बन (डायनामोतले ब्रश), जळालेला डायोड, जे बदललं ते हातात मागून घ्या. डायनामो बसवल्यावर हेडलाइट लावून बॅटरीवर मीटर धरायला लावा, पैसे त्यानंतर.