माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपमधून घरचा गाण्यांचा सर्व्हर

आमच्या घरी गाण्यांची तीन खोकी होती. एकात बाबांच्या कॅसेट, दुसऱ्यात सीडी, तिसऱ्यात संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्क. गाणं भरपूर, पण ऐकायला बसलं की टेपरेकॉर्डर पट्टा गिळायचा आणि सीडी लावायला घरात यंत्रच उरलं नव्हतं. फोनवरच्या एका सेवेचे पैसे भरत होतो. तिथे बाबांच्या आवडीची एक मैफल दोन वर्षं ऐकली आणि एके दिवशी ती यादीतून नाहीशी झाली. त्याच आठवड्यात माळ्यावरून २०११ सालचा लॅपटॉप खाली काढला. आज तो आमचा सर्व्हर, म्हणजे घरातल्या बाकी यंत्रांना गाणं पुरवणारा संगणक आहे; तिन्ही खोक्यांतलं गाणं त्यावर आहे आणि स्वयंपाकघरातल्या फोनपासून दिवाणखान्यातल्या टीव्हीपर्यंत कुठेही वाजतं. सॉफ्टवेअरला एक पैसाही लागला नाही.

संगणकाचं काम एका रविवारी दुपारी उरकतं. गाण्यांना नीट नावं देण्याचं काम महिनोन्महिने चालतं, आणि खरं मोल त्यालाच आहे.

कोणतं यंत्र चालेल

६४-बिट प्रोसेसर आणि २ जीबी रॅम असेल तर पुरे. कोअर टू ड्युओच्या काळातला संगणकसुद्धा चालतो, कारण गाणं पाठवणं हे संगणकाला अगदी हलकं काम आहे. डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्ही असतील तर लॅपटॉप घ्या. जुना डेस्कटॉप नुसता चालू राहिला तरी ५० वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे महिन्याला साधारण ३६ युनिट. लॅपटॉप पडदा बंद करून १२ वॅटवर चालला तर ९ युनिटच्या आत भागतं. शिवाय वीज गेली तर त्याची बॅटरी काही वेळ तग धरते. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, तळाचं झाकण उचललं गेलं असेल, तर ती आधी काढून टाका. अशी बॅटरी चोवीस तास चार्जिंगला ठेवणं धोक्याचं आहे.

यंत्रातलं सगळं पुसण्याआधी दोन गोष्टी बघा. त्यावर विंडोज अजून चालत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून डिस्कची तब्येत तपासा. ‘गुड’ऐवजी दुसरं काही दिसलं तर त्या डिस्कवर बाबांच्या कॅसेट ठेवू नका, छोटी एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घाला. आणि संगणकाचं घड्याळ बघा. माझ्या लॅपटॉपमधला नाण्याएवढा सेल संपला होता, तारीख २००९ दाखवत होती. त्यामुळे इंटरनेटवरून काहीच उतरेना. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं चुकीच्या तारखेला अवैध ठरतात. अर्धा दिवस मी वायफायला दोष देत बसलो. हा सेल सहसा सीआर २०३२ असतो आणि घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो.

यंत्रावर डाएटपाय बसवा

डाएटपाय ही विंडोजच्या जागी बसवायची, डेबियन लिनक्सवर उभी असलेली अतिशय हलकी प्रणाली आहे. मी ती निवडली कारण तिच्यात जवळपास सगळं काम याद्यांमधून निवडून होतं, लांबलचक आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. तिच्या संकेतस्थळावर साध्या पीसीसाठी दोन प्रकारच्या फाइली आहेत, जुन्या बायोसवाल्या यंत्रांसाठी एक आणि यूईएफआयवाल्यांसाठी दुसरी (बायोस म्हणजे संगणक चालू होताना सगळ्यात आधी चालणारी आज्ञावली, यूईएफआय हे तिचं नवं रूप). २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्याच्या आधीचं यंत्र असेल तर बहुधा बायोसची फाइल लागेल. दोन्हींत ‘इन्स्टॉलर’ असं लिहिलेली घ्या.

ही फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बलेनाएचर किंवा रुफस यांपैकी एक साधन वापरून उतरवा. नुसती कॉपी करून चालत नाही. मग पेनड्राइव्ह जुन्या यंत्राला लावून ते चालू करा आणि चालू होतानाच बूट मेनूचं बटण दाबत राहा; डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. पेनड्राइव्ह निवडला की पुढे डिस्क निवडायची. त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो वगैरे आधीच बाहेर काढून ठेवा.

राउटरपासून यंत्रापर्यंत केबल ओढा. वायफायवरही चालेल, पण पहिल्या बसवणीला केबल असली की निम्म्या अडचणी येतच नाहीत. पहिल्यांदा वापरकर्ता ‘रूट’ आणि पासवर्ड ‘डाएटपाय’ असतो, दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत. आत शिरताच प्रणाली स्वतःला अद्ययावत करते आणि नवे पासवर्ड मागते. ते खरोखर बदला आणि वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर सॉफ्टवेअरची यादी उघडते. तिच्यात नॅव्हिड्रोम आणि सांबा या दोन नावांवर स्पेसबारने खूण करा आणि ‘इन्स्टॉल’वर जा. नॅव्हिड्रोम हा गाण्यांचा सर्व्हर. सांबामुळे तुमच्या रोजच्या संगणकावरून या यंत्रावर फाइली टाकता येतात. ही यादी नंतर पुन्हा हवी झाली तर डाएटपाय-सॉफ्टवेअर हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मधली आडवी रेघ देऊन टाइप करायचा.

आता यंत्र कोपऱ्यात ठेवा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून गाणं चालू राहतं का ते पहिल्याच दिवशी पाहा. थांबत असेल तर झाकण थोडं उघडं ठेवा. खालून वारा खेळेल अशी जागा हवी. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये जाऊन वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाते, प्रत्येक वेळी कोण उठून बटण दाबणार!

घरात पत्ता पक्का करा

राउटर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो आणि तो अधूनमधून बदलतोही. पत्ता बदलला की सगळ्यांचे फोन ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणू लागतात. म्हणून राउटरच्या पानावर जा (त्याचा पत्ता राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या भागात या यंत्राला एक पत्ता राखून ठेवा. समजा तो १९२.१६८.१.५० आहे. मग घरातल्या कोणत्याही ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५०:४५३३ असं टाका. अर्थात अंक इंग्रजी. नॅव्हिड्रोम उघडेल आणि मुख्य खातं तयार करायला सांगेल.

गाणी टाकण्यासाठी विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे तोच पत्ता लिहा. वापरकर्ता डाएटपाय, पासवर्ड तुम्ही वहीत लिहिलेला. आत म्युझिक नावाचा फोल्डर दिसेल. त्यात जे टाकाल ते थोड्या वेळात सर्व्हरवर दिसू लागतं. घाई असेल तर नॅव्हिड्रोमच्या पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यातून स्कॅन सुरू करता येतो.

सीडी आणि कॅसेट आत कशा आणायच्या

सीडीसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फ्रीएसी, दोन्ही मोफत. साठवण एफएलएसी स्वरूपात करा. त्यात आवाजातलं काहीही गळत नाही आणि एक सीडी ३०० ते ४०० एमबीत मावते, म्हणजे ३०० सीडींना १०० जीबीच्या आसपास जागा लागते. एमपी३ करून जागा वाचवायचा मोह टाळा. तानपुऱ्याचा झंकार आणि तबल्याच्या बायाची घुमारी दाबलेल्या फाइलीत आधी बिघडते, आणि सीडी पुन्हा चढवण्याचा उत्साह दुसऱ्यांदा येत नाही.

कॅसेटला वेळ जास्त लागतो, कारण ती जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ वाजवावी लागते. आधी कॅसेट उजेडात धरून बघा. पट्ट्याच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती टेपमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. कोकणातल्या घरात राहिलेल्या कॅसेटबाबत तर हे हमखास तपासा. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. मग टेपच्या लाइन-आउटमधून संगणकात आवाज घ्या. लॅपटॉपचं माइकचं भोक बऱ्याचदा एकाच बाजूचा आवाज घेतं, म्हणून लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंडकार्ड वापरा. ऑडॅसिटीमध्ये आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या जागी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढण्याची साधनं बेताने वापरा; जास्त घासलं की गायकाचा श्वासही पुसला जातो.

नावं: इथे वेळ घाला

नॅव्हिड्रोम फोल्डरच्या नावावर जात नाही, फाइलीच्या पोटात लिहिलेल्या टॅगवर, म्हणजे गाणं, गायक, अल्बम यांच्या नोंदींवर चालतो. टॅग लिहायला म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे मोफत साधन आहे. ते इंटरनेटवरच्या सूचीतून नावं शोधतं, पण आपल्या कितीतरी मराठी सीडी त्या सूचीत नाहीत. तिथे हाताने लिहावं लागतं. मराठीत, देवनागरीत लिहा. सर्व्हर ते व्यवस्थित दाखवतो आणि शोधतोही. ही सूची कोणालाही भरता येते, तेव्हा एकदा लिहिलंच आहे तर तिथेही भरा, म्हणजे दुसऱ्या घरातल्या कोणाला तयार मिळेल.

पहिला नियम: एका कलाकाराचं एकच रूप. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे सर्व्हरच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत. मी पदव्या न लिहिता नाव ठेवलं. त्यात अनादर नाही, आणि यादी ‘पं’ अक्षराखाली तुंबत नाही.

दुसरा नियम नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या संग्रहांसाठी. अशा सीडीवर बारा गाणी आणि आठ गायक असतात. ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळ्या बारा फाइलींना ‘विविध कलाकार’ असं एकच नाव दिलं नाही, तर एका सीडीचे तुकडे होऊन अर्धा डझन अल्बम दिसू लागतात. गायकाचं नाव ‘आर्टिस्ट’मध्ये, संगीतकाराचं ‘कंपोझर’मध्ये. आपल्याकडे गाणं चालीवरून ओळखलं जातं, तेव्हा तो रकाना रिकामा सोडू नका.

रागासाठी वेगळा रकाना नाही, पण ‘जॉनर’मध्ये एकाहून जास्त किमती चालतात. मी तिथे ‘ख्याल’ आणि अर्धविरामानंतर ‘राग यमन’ असं लिहितो. मग जॉनरच्या यादीतून यमन निवडला की घरातला सगळा यमन समोर येतो: किशोरी आमोणकरांचा, कॅसेटवरून आलेला, रेडिओवरून कोणीतरी टेप केलेला. कोणत्याही विकतच्या सेवेवर मला हे कधी मिळालं नव्हतं. शीर्षकात ताल लिहा: ‘राग यमन, विलंबित एकताल’. साथीदारांची नावं टिप्पणीत लिहा. ती सहसा सीडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरात असतात, म्हणून वेष्टनाचा फोटोही काढून त्याच फोल्डरमध्ये इंग्रजीत ‘कव्हर’ नावाने ठेवा. अल्बमचं चित्र म्हणून तोच दिसेल.

घरगुती मैफलींच्या कॅसेटवर नाव नसतं. त्या आई-वडिलांना, काका-आत्यांना शेजारी बसवून ऐका आणि ते सांगतील ते लगेच लिहा: कुठल्या घरी, कुठल्या निमित्ताने, पेटीवर कोण. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

फोनवर आणि घराबाहेर

फोनसाठी सबसॉनिक पद्धतीची कोणतीही ॲप चालतात, कारण नॅव्हिड्रोम तीच भाषा बोलतो. अँड्रॉइडवर सबस्ट्रीमर मोफत आहे; सिंफोनियम विकत घ्यावं लागतं, पण मला तेच जास्त आवडलं. आयफोनवर ॲम्परफाय बघा. ॲपमध्ये सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड भरा. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या, म्हणजे आईच्या अभंगांच्या यादीत मुलाची गाणी मिसळत नाहीत.

घराबाहेरून ऐकायला राउटरमध्ये भोक पाडू नका, म्हणजे बाहेरच्या कोणालाही सर्व्हरपर्यंत येता येईल अशी वाट त्यात उघडू नका. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर ते चालतही नाही, कारण एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. त्याऐवजी डाएटपायच्या यादीतून टेलस्केल बसवा. वैयक्तिक वापराला ते मोफत आहे आणि फक्त तुमच्या यंत्रांमध्ये बंदिस्त वाट तयार करतं. फोनवरही टेलस्केल टाकून त्याच खात्याने आत शिरा. मग सर्व्हरला मिळालेल्या १०० ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर गाणं एसटीतही ऐकता येतं. मोबाइल डेटावर मात्र ॲपमध्ये ९६ केबीपीएसची मर्यादा घाला. चाळीस मिनिटांचा ख्याल मूळ रूपात २०० एमबीच्या घरात जातो, मर्यादा घातली की २९ एमबीत बसतो.

ही वाट बंदिस्त ठेवण्याला आणखी एक कारण आहे. ध्वनिमुद्रणाचे हक्क भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला जागा आहे, जगाला वाटण्याला नाही.

दुसरी प्रत

पोर्टेबल हार्ड डिस्क विकत घ्या आणि म्युझिक फोल्डरची पूर्ण प्रत तिच्यावर ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवीन फाइली तिच्यावर टाका, मग ती काढून दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवा, कारण कायम जोडलेली डिस्क विजेच्या एकाच झटक्यात सर्व्हरबरोबर जाते. माझी प्रत बहिणीकडे नाशिकला असते. दिवाळीला ती डिस्क घेऊन येते, आम्ही ताजी करतो, आणि त्या वर्षी सापडलेल्या कॅसेट ती जाताना ऐकत जाते.